पोचा

शुवैखच्या कारखान्यात आम्ही समुद्र उकळायचो.
रात्रपाळीला मी, मंगळूरचा फेलिक्स
आणि तुलॉक साहेब.
वाफ वर जाई, नळ्यांना टेकून पुन्हा पाणी होई,
मीठ मागे उरे, ते समुद्राला परत.
त्या पाण्याला कसलीच चव नव्हती.
आंघोळ केलेलं पाणी, फेलिक्स म्हणायचा,
आणि सकाळी कॅन भरून घरी न्यायचा.

"आमच्या घरी हेच चालायचं," साहेब एकदा म्हणाला,
"समुद्राऐवजी सातू."

मग पाळीमागून पाळी,
गेज वाचता वाचता, व्हॉल्व्ह पिळता पिळता
त्याच्या भट्टीची बखर.
खापरपणजोबाने डोंगरात चोरून लावलेली,
धूर दिसू नये म्हणून
धुक्याच्या दिवशीच पेटवायची.
पुढे परवाना, दगडी भिंत,
दोन हंडे, सहा माणसं,
ओढ्याचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं.
पहिल्या लढाईत सातू मिळेना म्हणून बंद.
दुसऱ्या लढाईत तांबं मोजायला सरकारी माणूस आला,
आजी दारात उभी राहिली दुधाची बादली घेऊन,
बाजूला झालीच नाही.
लाकडी पिंपांतून दर साली थोडी उडून जाई,
तिला देवदूतांचा वाटा म्हणत.

"आणि इथे ठेवली असती तर?"
"इथे देवदूतांनी पिंपसुद्धा चाटून पुसून ठेवलं असतं."
बाहेर रात्रीचे दोन, अडतीस अंश.

मी तांबट, हे त्याला फार उशिरा कळलं.
इकाम्यावर पाइप फिटर लिहिलं होतं.
कळल्यावर तो खुर्ची ओढून जवळ आला.

मोठ्या हंड्याला, म्हणाला, डाव्या खांद्यावर पोचा होता.
कुणी पिंप गडगडवत नेताना आदळलेलं,
त्याच्या बापाच्या जन्माआधी.
हंडा झिजला, नवा करायला टाकला,
तेव्हा बापाने तांबटाला बजावलं:
पोच्यासकट.

मी हसलो.
आमच्या आळीत पोचा काढायला भांडं येतं.
पोचा घालून द्या म्हणणारं गिऱ्हाईक
माझ्या आजोबांनीही पाहिलं नसेल.
"पोचा गेला तर चव जाईल, असं बाप म्हणायचा."
"जाते?"
"कोणी जाऊ दिली तर कळणार ना."

ऑगस्टमध्ये पत्र आलं.
कंपनीने भट्टी बंद केली, हंडे मोडीत, वजनावर.
आकडा पौंडात होता.
साहेबाने तो पाकिटाच्या मागे दिनारात करून पाहिला,
मग खोडला.
त्या रात्री तीन नंबरच्या पंपाची नोंद
त्याने दोनदा केली.

शुक्रवारी मी भंगारातून तांब्याचा पत्रा उचलला.
कॅम्पच्या मागे, मोरीच्या कट्ट्यावर,
उसन्या हातोडीने मठारत बसलो.
ठोक्याला ठोका लावून,
हातात मावेल एवढा हंडा,
लांब मान, पुढे वाकलेली.
उकळायला नव्हे.
त्या देशात त्याची शिक्षा
माझ्या खोलीतल्या अकराही जणांना पाठ होती.

चकचकीत झाला.
आता डाव्या खांद्यावर एक घाव घालायचा,
आणि हात वर जाईना.
बापाने शिकवलेले सगळे घाव
आतून बाहेर, पोचा उठवायचे.
हा एक बाहेरून आत.
फेलिक्स दारात साबण घेऊन थांबलेला,
मोरी कधी मोकळी होते म्हणून.
"मार ना," म्हणाला, "पाणी जाईल."

मारला.

साहेबाने हंडा दिव्याखाली धरला,
फिरवला, मानेवरून बोट नेलं,
अंगठा पोच्यात नीट बसला.
बराच वेळ तिथेच होता.
मग म्हणाला, "थोडा खाली हवा होता."

मी हातोडी आणायला उठलो.
"राहू दे," म्हणाला,
"पुढचा करशील ना,
त्याला हाच घाल."